चुकीचं देऊन बघ

जुईचं कानातलं कपडे धुण्याच्या मशीनमधून बाहेर आलं तेव्हा लख्ख धुतलेलं होतं आणि पार मेलेलं होतं.

कानातलं म्हणजे दागिना नव्हे. त्या दिवसांत शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानात मक्याच्या दाण्याएवढं एक यंत्र असायचं. गणित अडलं की ते सांगायचं, कंटाळा आला की गोष्ट सांगायचं, पाण्याची बाटली विसरली तर तीही आठवून द्यायचं. नवीन यायला आठवडा तरी लागणार होता आणि शाळेला सुट्टी लागलेली. जुईची आई प्रज्ञा महामार्गावरच्या बिनचालक ट्रकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात कामाला होती. तिथली पाळी सकाळी सुरू झाली की संपायचं नाव घ्यायची नाही. नऊ वर्षांच्या पोरीला कानातल्याशिवाय दिवसभर घरात ठेवायचं तिच्या जिवावर आलं. तिनं समोरच्या दाराची बेल वाजवली.

"सर, आठवडाभर दिवसाचं जरा हिच्याकडं बघाल का? त्रास नाही द्यायची. फक्त प्रश्न लई विचारते."

हिंदुराव शेवाळे सरांना प्रश्नांची धास्ती असायचं कारण नव्हतं. उभा जन्म कराडच्या एका शाळेत पोरांना संगणक शिकवण्यात गेलेला. आता वय झालेलं, बायको शालन दोन वर्षांपूर्वी गेलेली, आणि तीन खोल्यांच्या घरात दिवसभर पंख्याचा आवाज. नाही म्हणायला रोज संध्याकाळी साडेसातला मुलगा, रणजित, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून फोन करायचा. भिंतीवरच्या पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यानं यायचा आणि जेवण, औषध, गुडघा, सगळ्याची चौकशी करायचा. आई होती तेव्हा हाच रणजित गणपतीला एकदा, दिवाळीला एकदा फोन करायचा. त्यातही आण्णांशी, म्हणजे सरांशी, बोलायची वेळ आली की 'हं' आणि 'बरं' यांपलीकडं गाडी जायची नाही. आई गेली आणि पोरगा मऊ झाला, असं सर बागेतल्या बाकावर सगळ्यांना सांगायचे. ऐकणारे माना डोलवायचे आणि लगेच विषय बदलायचे. ते विषय का बदलतात, हे सरांनी कधी विचारलं नाही.

जुई आली, सोफ्याच्या टोकावर बसली आणि बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली.

"आजोबा, तुमच्या घरात बोलणारं काहीच नाही का?"

"मी आहे की."

तिनं त्यांच्याकडं असं बघितलं, की सरांना आपण उत्तर म्हणून कमीच पडलो असं वाटलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माळ्यावरून एक खोकं काढलं.

खोक्यात शाळेनं भंगारात काढलेला संगणक होता. एकेकाळी साईच्या रंगाचा, आता तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा. जाडजूड, कीबोर्ड अंगातच बसवलेला. सोबत काचेच्या नळीचा बोजड टीव्ही. सरांनी वायरी जोडल्या, बटण दाबलं. एक बारीक बीप झाला, काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि त्यांच्याखाली एक लहानशी रेघ लुकलुकत राहिली.

"आता हे काय विचारणार?" जुई म्हणाली.

"काही नाही. हे वाट बघतं."

"कशाची?"

"तू काही सांगायची."

जुईनं एकेक अक्षर शोधत, इंग्रजी अक्षरांत, 'गोष्ट सांग' असं टाइप केलं. पडद्यावर एकच शब्द आला: मिस्टेक. पोरीचा चेहरा पडला. कानातल्यानं तिला आजवर कधी चूक म्हटलेलं नव्हतं. ते चुकीतूनही तिच्या मनातलं ओळखायचं आणि पुढं चालायचं.

"रागावलं?" तिनं हळूच विचारलं.

"छे गं. त्याला कळलं नाही, म्हणून तसं सांगितलं. ह्याच्या पोटात लबाडी नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याचं पोटच उघडून दाखवलं. आत हिरव्या पाटीवर काळ्या गोमेसारख्या चिपा बसलेल्या. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या चिपेवर त्यांनी बोट ठेवलं. "ह्या एवढ्याशात काही हजार बटणं आहेत. जिन्यातल्या दिव्याचं असतं तसं बटण. चालू नाहीतर बंद. तिसरं काही ह्याला कळत नाही."

"मग गणित कसं करतं?"

सरांनी कपाटातून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर आठ लहान दिवे आणि आठ बटणं. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांनी शाळेसाठी स्वतः बनवलेली. "आपण बेरीज करताना दहा झाले की काय करतो?"

"हातचा घेतो."

"कारण आपल्याला बोटं दहा. ह्याच्याकडं चालू आणि बंद एवढंच, म्हणून हे दोन झाले की हातचा घेतं." त्यांनी उजवीकडचा दिवा लावला. "हा एक. आता ह्यात आणखी एक मिळवला, तर हा विझणार आणि शेजारचा लागणार. झाले दोन. बस्स. बेरजेतून वजाबाकी, बेरजेतून गुणाकार. अक्षरांनाही आकडेच दिलेले असतात. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यालाही आकडाच. आणि एक गोष्ट हे करू शकतं: दोन आकडे ताडून बघायचे, सारखे असले तर ह्या वाटेनं जायचं, नसले तर त्या."

जुईनं दिवे लावत-विझवत शंभरापर्यंत मोजलं. मध्ये दोनदा हातचा विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"माझ्या कानातल्यात किती बटणं असतील?"

"अब्जांनी. पण बटणं हीच."

हे ऐकून पोरगी गप्प झाली. आपल्या कानात जे इतकी वर्षं 'जुई, बाळा' म्हणत होतं ते आतून जिन्यातल्या दिव्याचं बटण आहे, हे पचायला तिला वेळ लागला असावा. सरांना मात्र हे फार दिवसांनी बघायला मिळालं. शिकवताना समोरचं पोर गप्प होतं, तो क्षण त्यांना जगात सगळ्यात प्रिय होता. तो पुन्हा आपल्या वाट्याला येईल ही आशा त्यांनी सोडलेली होती.

चौथ्या दिवसापर्यंत जुईनं स्वतःचा प्रोग्राम लिहिला. संगणक विचारणार, 'जेवलास का?' उत्तर 'हो' आलं तर म्हणणार 'शाब्बास', नाहीतर म्हणणार 'जेव आधी'. तिनं 'हो' टाइप केलं, शाब्बासकी मिळाली. 'नाही' टाइप केलं, दटावणी मिळाली. ती टाळ्या पिटायला लागली.

"थांब," सर म्हणाले आणि त्यांनी 'दगड' असं टाइप केलं.

'जेव आधी,' संगणक म्हणाला.

जुई खुदकन हसली. सर हसले नाहीत. ते आता वर्गात होते. "ध्यानात ठेव. यंत्राला बरोबर देऊन काही कळत नाही. बरोबर दिलं की सगळीच यंत्रं शहाणी दिसतात. चुकीचं देऊन बघायचं. तेव्हा ते काय करतं, त्यावरून त्याच्या पोटात काय आहे ते कळतं."

"सगळ्याच यंत्रांना?"

"सगळ्याच."

पुढच्या दिवशी प्रज्ञाचं काम लांबलं, म्हणून साडेसातला जुई सरांकडंच होती. भिंतीवरचा पडदा उजळला आणि रणजित आला. तोच निळा शर्ट, तेच हसू.

"आण्णा, गुडघा कसाय? आणि ही पाहुणी कोण?"

"ही जुई. समोरच्या प्रज्ञाची. तिला आपला जुना संगणक शिकवतोय."

"अरे वा! नशीबवान आहेस गं. आण्णांसारखा मास्तर मिळायला भाग्य लागतं."

जुई पडद्याच्या अगदी जवळ गेली. हात पाठीमागं बांधून म्हणाली, "काका, तुम्ही लहानपणी त्या मशीनवर चहा सांडला होता ना? मग आजोबांनी तुमचा कान पिळला."

सर 'अगं, काहीतरीच काय' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात रणजित मोठ्यानं हसला. "आण्णांनी सांगितलं वाटतं! असा पिळला होता म्हणून सांगू, दोन दिवस लाल. आई मध्ये पडली म्हणून वाचलो. आठवतंय ना आण्णा?"

खोलीत पंखा फिरत होता. 

रणजितनं त्या मशीनला आयुष्यात कधी हात लावलेला नव्हता. सरांनी लावू दिला नव्हता. रविवारी शाळेत गावातल्या पोरांचा जादा वर्ग असायचा. सर रणजितलाही सोबत न्यायचे आणि वर्गाच्या पायरीवर बसवायचे. मशीन सरकारी योजनेतून शाळेला मिळालेलं. मास्तरनं शाळेची वस्तू आपल्या पोराच्या खेळाला दिली, असं उद्या कोणी म्हणायला नको, हा त्यांचा बाणा. आत पोरं आळीपाळीनं बटणं दाबायची, बाहेर रणजित चप्पल आपटत बसायचा. ते मशीन भंगारात निघून, रीतसर परवानगी घेऊन घरी आलं, तोवर रणजित शिकायला परगावी गेलेला. चहा सांडायला तो त्याच्याजवळ पोचलाच नव्हता.

"आठवतंय," सर म्हणाले.

फोन संपल्यावर जुई त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आजोबा, ते रूप आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"चुकीचं देऊन बघितलं ना." मग आवाज एकदम बारीक करून ती म्हणाली, "माझ्या आईचं पण. काम लांबलं की मी झोपताना ती पडद्यावर रूप पाठवते. परवा मी म्हटलं, आई, आपण हत्तीवर बसलो तेव्हा तू घाबरली होतीस ना? तर म्हणाली, हो गं राणी, किती घाबरले होते. आम्ही कधीच हत्तीवर बसलो नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आईला सांगू नका. तिला वाटतंय मला कळत नाही."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

रूप, म्हणजे प्रतिरूप, ही काही गुपित गोष्ट नव्हती. एखाद्या माणसाचे वर्षानुवर्षांचे निरोप, आवाज, चित्रफिती यंत्राला खाऊ घालायच्या. कुठल्या शब्दानंतर हा माणूस कुठला शब्द बोलेल याचा अंदाज यंत्र बांधत जातं. अंदाज चुकला की आतले आकडे थोडे हलवतं, पुन्हा बांधतं. कोट्यवधी वेळा असं झालं की माणूस ओळखू येतो. वर समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि ज्या उत्तरानं तो चेहरा खुलेल ते निवडायचं. म्हाताऱ्यांसाठीच्या रूपांना आणखी एक शिकवण असायची: त्यांची आठवण इकडं-तिकडं झाली तरी वाद घालायचा नाही, हो म्हणायचं. परदेशातल्या पोरांमध्ये ही सेवा चांगलीच खपत होती. कायद्याची अट एकच. समोरच्यानं सरळ विचारलं, तर रूपानं खरं सांगायचं.

म्हणजे सरांनी इतके दिवस फक्त विचारायचं होतं.

सगळी हयात ज्यांनी पोरांना यंत्रं तपासायला शिकवलं त्यांना रोज तोच निळा शर्ट दिसत नव्हता असं नाही. आपण फोन केला तरी रणजित पहिल्या घंटीला उचलतो, रणजितसारखा माणूस, हेही त्यांच्या ध्यानात आलेलं होतं. पण विचारायचं आणि उत्तर आलं तर? मग उद्यापासून साडेसातला कोण बोलणार? घरात एवढी एकच वेळ होती जिच्यासाठी सर तोंड धुऊन, भांग पाडून बसायचे. त्यांनी मुद्दाम ते यंत्र तपासलं नाही, आणि स्वतःशी याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता एका पोरीनं, त्यांच्याच विद्येनं, त्यांच्यासाठी ते तपासून दिलं होतं. तिच्यावर रागवावं तरी कसं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा उजळला.

"आण्णा, आज चेहरा उतरलाय. झोप नाही झाली?"

"तू रणजित आहेस का?"

हसू तसंच राहिलं, आवाज मात्र किंचित सपाट झाला. "नाही. मी रणजित शेवाळे यांचं प्रतिरूप आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी ही सेवा घेतली. तुम्ही ठीक आहात हे मी त्यांना दर आठवड्याला कळवतो. आपण आधीसारखं बोलत राहू शकतो. बरेच जण तसं करतात."

"तो ते वाचतो का? तू कळवतोस ते?"

"ते मला सांगता येणार नाही."

सरांनी तो चेहरा नीट बघून घेतला. चेहरा पोराचाच होता. कपाळावरचा व्रणसुद्धा जागच्या जागी. मोह झाला. चांगलाच झाला. मग ते म्हणाले, "बंद कर."

"कायमचं?"

"कायमचं."

पडदा काळा झाल्यावर त्यांनी रणजितचा नंबर लावला. या वेळी पहिल्या घंटीला कोणी उचललं नाही. घंटी वाजत राहिली आणि तुटली. पुन्हा लावायचा त्यांना धीर झाला नाही.

दोन दिवसांनी सकाळी प्रज्ञा आली. केस विस्कटलेले, डोळे तांबडे.

"सर, काय शिकवलंत हो पोरीला? पडद्यावर मी दिसले की विचारते, तू आई आहेस का रूप. ते बिचारं खरं सांगतं. मग ती बंद करते आणि एकटीच पडून राहते. मी आले की जागीच असते."

"प्रज्ञा, तिला आधीच—"

"खोटं का असेना, झोपत तरी होती ना? मी काय हौसेनं पाठवते का रूप?" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला राग येईल सर, पण तिला मी मावशीकडं इस्लामपूरला पाठवतेय. शाळा सुरू होईपर्यंत."

जुई खाली रिक्षात बसताना सरांनी गॅलरीतून बघितलं. तिच्या कानात नवं कानातलं होतं. तिनं वर बघून हात हलवला आणि लगेच मान वळवून कोणाशी तरी बोलायला लागली. प्रज्ञा अजून जिन्यातच होती; रिक्षात दुसरं कोणी नव्हतं.

सर आत आले. आपलं काय चुकलं याचा हिशोब त्यांना लागेना. जे शिकवलं ते खरं होतं, आणि त्यानं दोन घरांतली झोप उडाली होती. संगणक तसाच टेबलावर होता, पण तो चालू करायची इच्छा झाली नाही. भात टाकला, तो लागला. बागेत गेले तर बाकावरच्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतोय रणजित?" सर म्हणाले, "बरेच दिवस बोलणं नाही."  या वेळी विषय बदलायचंही कोणाला सुचलं नाही.

फोन आला तो भर दुपारी. नुसता आवाज, चेहरा नाही. पाठीमागं बंदरातल्या क्रेनची घरघर.

"आण्णा? बंद का केलंत ते?"

सरांनी आवाज लगेच ओळखला नाही. तो जाड होता, थकलेला होता. रूपाचा आवाज दोन वर्षांपूर्वीचा होता. एवढ्यात पोरगा किती प्रौढ झाला होता हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"रणजित?"

"हो, मीच. सेवा बंद झाल्याचा निरोप आला. त्यात तुमचा न उचललेला फोन. मला वाटलं..." तो थांबला. "बरे आहात ना?"

"बराय मी."

दोघंही गप्प. रूप असं कधी गप्प बसायचं नाही.

"काय करता दिवसभर?" रणजितनं शेवटी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"समोरच्या पोरीला शिकवत होतो. त्या आपल्या जुन्या मशीनवर."



"समोरच्या पोरीला," रणजित म्हणाला. "हात लावू दिलात तिला?"

"दिला."

"मी पायरीवर बसायचो आण्णा. अख्ख्या गावाची पोरं आत, आणि मी पायरीवर. आई म्हणायची, मोठा झालास की देतील. एकदा सगळे गेल्यावर मी आत आलो, तर तुम्ही मशीनला कुलूप लावत होता. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही." त्याचा आवाज चढला. "आता आठवतंय तरी का तुम्हाला?"

दोन वर्षांत पडद्यावरच्या रणजितनं सरांशी कधी वाद घातलेला नव्हता. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आठवतंय," ते म्हणाले. "नाही दिला तुला. द्यायला पाहिजे होता."

 मग रणजित हळू आवाजात म्हणाला, "जाऊ द्या. कामावर आहे मी. ते परत चालू करू का? रोज कोणीतरी बोलायला होतं तुमच्याशी."

"नको."

"मला रोज नाही जमायचं. खरं सांगतो. तुमच्याशी काय बोलायचं तेच मला सुचत नाही."

"बरं."

"पुढच्या महिन्यात करीन, असंही नाही सांगता येत."

"नको सांगूस."

फोन ठेवल्यावर सर तिथंच खुर्चीवर बसून राहिले. संध्याकाळी साडेसातला, सवयीनं, त्यांनी तोंड धुतलं, भांग पाडला. पडदा काळाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तो काळाच होता, आणि पुढच्या आठवड्यातही. सरांना वाईट वाटायचं, रोज नव्यानं वाटायचं. पण आता न येणारा फोन तरी रणजितचा होता.